माझ्या समासातले उत्तर

मी पुण्यात वारज्यातल्या एका घरी कपाटात उभे असलेले, खाकी कव्हर घातलेले जुने पुस्तक आहे. मित्रांनो, माझ्या पाठीवरचे नाव पुसले गेले आहे, त्यामुळे ते विचारू नका. माझी गोष्ट मूळची जर्मन. दोनशे वर्षांहून जुनी, आणि सगळी पत्रांत लिहिलेली. एका तरुणाचे एका मुलीवर प्रेम बसते. तिचे लग्न आधीच ठरलेले असते. तो आपले दुःख एका मित्राला कळवत राहतो, आणि शेवटी स्वतःचे आयुष्य संपवतो. त्या मित्राची उत्तरे मात्र माझ्यात कुठेच छापलेली नाहीत. मी मराठीत आले तेव्हाही ती आली नाहीत. ही उणीव मला फार लागते.

माझी उमेदीची वर्षे सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयात गेली. त्याचे मालक दीनानाथ. हे गृहस्थ बोलायला कमी आणि बोलले तर तिखट. पुण्यातले वाचक पुस्तक नुसते वाचत नाहीत, ते पेन्सिल घेऊन तपासतात. विमलाबाई नावाच्या निवृत्त शिक्षिकेने माझ्या प्रत्येक पत्राशेजारी त्या मित्राच्या वतीने उत्तर लिहिले होते. 'तिने पहिल्याच भेटीत सांगितले होते ना? मग तिला दोष कशाला?' आणि पुढे, फारच रडके पान आले तिथे, 'जेवलास का?'

दीनानाथांना हे खपत नसे. 'पुस्तकात लिहू नये. ज्याने लिहिले त्यानेच खोडावे,' अशी पाटी त्यांनी दारातच लावली होती. अर्थात पाटी वाचून शहाणा झालेला पुणेकर अजून जन्माला यायचा आहे. म्हणून परत आलेले प्रत्येक पुस्तक ते पानन् पान चाळत आणि खोडरबर फिरवत. विमलाबाईंची उत्तरेही अशीच गेली. मला वाईट वाटले.

मग घरोघरी केबल आली आणि वाचनालयात संगणक आला. दीनानाथांच्या मुलीने, राजनंदिनीने, तो हौसेने बसवला. ती म्हणाली, "बाबा, पुस्तक परत आलं की इथे नोंद करायची आणि सरळ रॅकवर ठेवायचं. पानं चाळत बसायची गरज नाही."

"संगणकाला खोडता येतं का?" दीनानाथ म्हणाले, आणि चाळत राहिले.

त्या सुमारास प्रज्ञेश आला. तो वर्ध्याचा. संगणकाचा कोर्स करायला पुण्यात आला होता आणि जवळच एका खोलीत कॉट बेसिसवर राहत होता. जर्मनीत नोकऱ्या आहेत असे कळल्यावर सगळ्यांसारखा तोही जर्मनच्या क्लासला जाऊ लागला. तिथे उत्कर्षा भेटली. ती त्याच्याशी चांगले वागायची, वह्या द्यायची. त्याने मनातले सांगितले तेव्हा तिने स्पष्टपणे सांगितले की तिचे लग्न ठरले आहे आणि तिला ते मनापासून हवे आहे. यात तिचे काय चुकले? काहीच नाही. पण प्रज्ञेशचे क्लासला जाणे सुटले, जेवणही सुटले. अशा अवस्थेत त्याने मला खोलीवर नेले.

पाच दिवस मी त्याच्या उशाशी होते. तो तीच तीच पाने वाचत होता. मित्रांनो, मला त्या दिवसांत माझ्या शेवटाची पहिल्यांदाच लाज वाटली. शेवटच्या काही पत्रांपैकी एकाखाली त्याने बारीक अक्षरात लिहिले, 'मलाही उत्तर येणार नाही. आता पुरे.' मग मला वाचनालयात आणून दिले आणि म्हणाला, "माझं नाव कमी करून टाका. आता मी येणार नाही."

दीनानाथांना वाटले, गावी निघाला असेल. त्यांनी मला उघडले, खोडरबर फिरवत फिरवत त्या पानापर्यंत आले आणि थांबले. त्यांनी खोडरबर खाली ठेवला, कानावरची पेन्सिल काढली आणि चाळीस वर्षांत कधी केले नव्हते ते केले. त्या ओळीखाली चार शब्द लिहिले. मग रजिस्टरातून पत्ता काढला, मला पिशवीत टाकले आणि भर दुपारी वाचनालयाला कुलूप लावून निघाले.

बराच वेळ कडी वाजवल्यावर प्रज्ञेशने दार उघडले.

"पुस्तकात लिहिणं आपल्याकडे बंद आहे," दीनानाथ म्हणाले. "पाटी वाचली नाहीत?"

"वाचली होती."

"मग चला. ज्याने लिहिलं त्याने खोडायचं."

"आत्ता?"

"आत्ताच. पण आधी जेवायचं. रिकाम्या पोटी खोडलं की पान फाटतं."

जेवून दोघे वाचनालयात आले. प्रज्ञेशने पान उघडले. त्याच्या ओळीखाली लिहिले होते, 'पत्र मिळाले. लगेच निघतो. - दीनानाथ.'

"हे?" त्याने विचारले.

"ते माझं आहे. माझं मी खोडीन सवडीने. तुम्ही तुमचं बघा."

त्याने आपली ओळ खोडली आणि मग ढसाढसा रडला. दीनानाथांनी त्याला रडू दिले, शहाणपण शिकवले नाही. त्यांनी वर्ध्याला फोन लावला. दुसऱ्याच दिवशी वडील रामदासजी आले. "फोनवर नुसता हो-हो करून राहिला होता जी पोरगा," एवढेच ते बोलू शकले. मग तिघे डॉक्टरांकडे गेले. बरे व्हायला पुष्कळ महिने लागले. तोवर प्रज्ञेश रोज संध्याकाळी वाचनालयात येऊन इतर पुस्तकांतले शेरे खोडत बसे. एका रहस्यकथेच्या पाचव्या पानावर कोणीतरी खुन्याचे नाव लिहून खाली 'वाचकाचा वेळ वाचावा म्हणून' असे लिहिले होते. ते वाचून तो पहिल्यांदा हसला.

पुढे वाचक आटले. दीनानाथ गेले. मी दोन वर्षे पोत्यात पडून होते, वाळवीच्या भीतीने अर्धमेले. मग राजनंदिनीने जुन्या सभासदांना पुस्तके न्यायला बोलावले, तेव्हा प्रज्ञेशने फक्त मला मागून घेतले.

मित्रांनो, पुस्तकांची पाने दुमडू नका, त्यांना कव्हरे घाला. पण एखाद्याने तुम्हाला दोन ओळी लिहिल्या, तर माझ्यातल्या त्या मित्रासारखे गप्प राहू नका. उत्तर द्या. जमल्यास स्वतः जा.

परवा प्रज्ञेशच्या मैत्री नावाच्या मुलीने मला उघडले. ते चार शब्द अजून तिथेच आहेत. ती शाळेच्या शिस्तीतली मुलगी.

"बाबा, पुस्तकात लिहायचं नसतं ना? मी खोडू?"

"नको," प्रज्ञेश म्हणाला. "ज्याने लिहिलं, त्यानेच खोडायचं असतं."