सॅम्पल बनवून ठेवा

पृथ्वीच्या वाढत्या तापावर समुद्रकाठच्या कांदळवनाइतका जुना आणि निमूट उतारा दुसरा नाही. हवेतला कर्ब ओढून घ्यायचा, मुळांखालच्या चिखलात पुरायचा आणि शतकानुशतकं त्याबद्दल ब्रही काढायचा नाही, हे काम ही झाडं माणसाच्या वतीनं करत आली आहेत. त्यातला कोकणातल्या एका खाडीचा चिखल सध्या चंद्रपुरात, वहाबभाईंच्या कोळसा तपासणीच्या लॅबमध्ये, बिस्किटांच्या खोक्यात पडला होता.

तो तिथं आणला हर्षानं. ती चंद्रपूरजवळच्या मूल गावची, संशोधन नागपूरला. विद्यापीठातली नमुने जाळायची भट्टी बंद होती आणि दुरुस्तीची फाईल भट्टीहूनही थंड होती. कोळशात जळतं किती नि राख उरते किती, हे वहाबभाई रोजच मोजतात. तेव्हा चिखलाचंही मोजतील, असं तिनं ठरवलं. खाडीत उभी नळी खुपसून काढलेल्या चिखलाच्या तिनं चकत्या केल्या, वाळवल्या, एकेक पुडीत बांधल्या. वरची पुडी कालपरवाची, तळची पणजोबांच्याही आधीची. कोणत्या काळात किती कर्ब पुरला गेला, ते त्या क्रमात होतं. क्रम गेला की उरणार नुसती माती, आणि तिची सगळी पीएचडी त्या मातीत. पुन्हा आणायचीही सोय नव्हती. त्या जागेवर आता जेटीचा भराव पडला होता.

मूलहून बस सुटली तसा तिनं वहाबभाईंना फोन लावला. ते वरोऱ्याला लग्नात होते. मागं बँड वाजत होता.

"आलीच मी, भाऊ. आज भट्टी लावू."

"बेफिकीर राहा, हर्षाबाई. तुम्ही काल म्हटलं ना, सॅम्पल बनवून ठेवा? लॅबातल्या अजीमले सांगूनच निघालो. बनवून राह्यला असन तो."

"म्हणजे काय करून राह्यला?"

"आपलं नेहमीचंच. पुडी फोडाची, ग्राइंडरमधून काढाची, सगळ्यायचा एक ढीग लावाचा. ढिगाचे चार भाग. समोरासमोरचे दोन ठेवाचे, दोन फेकाचे. उरलं ते पुन्हा मिसळाचं. वॅगनभर माल असला तरी आखरीत चमचाभर राह्यते. एकदम बराबर!"

हर्षा सीटवरून उठलीच. सॅम्पल बनवून ठेवा म्हणजे पुड्या काढून ओळीनं मांडून ठेवा, एवढंच तिला म्हणायचं होतं. कोळशाच्या धंद्यात त्याच तीन शब्दांत तिची चार वर्षं फेकायचा हुकूम होता.

"थांबवा त्याले! एक पुडी दुसरीत जाऊ देऊ नका!"

"काऊन? मंग सरासरी कशी निघन..."

रेंज गेली. बस जंगलात शिरली होती.

"काय झालं व पोरी?" शेजारच्या सीटवरच्या ठमाबाईंनी विचारलं. "कोणी गेलं का?"

"माझी माती मिसळून राह्यले, आजी."

"मंग मिसळू दे ना. माती होय का केसर?"

"समुद्राची आहे."

"त्याच्यासाठी समुद्रापावतर गेली? आमच्या तलावात उतरली असती त कमरेइतका गाळ भेटला असता. वरून पोरायनं टाळ्या वाजवल्या असत्या."

तेवढ्यात बस थांबली. पुढं गाड्यांची रांग. रस्त्याच्या कडेला वाघीण बसली होती आणि बसभर मोबाईल वर झाले होते.

"हॉर्न वाजवा ना, भाऊ!" हर्षा ओरडली.

"तुम्हीच सांगा तिले," ड्रायव्हर म्हणाला, "मॅडमले घाई आहे म्हणून."

वाघीण उठली आणि जांभई देऊन पुन्हा बसली. हर्षाच्या डोळ्यांपुढं अजीम एकेक पुडी उलटवत होता. पणजोबांच्या काळावर कालपरवाचा चिखल पडत होता, आणि अर्धा झाडून कचऱ्यात जात होता.

शेवटी वाघीण झाडीत गेली, बस हलली, आणि जंगलाबाहेर लोहाऱ्याला रेंज आली. अजीमचा फोन बंद. वहाबभाईंना लावला.

"माह्याही फोन त्याले लागून नाई राह्यला," ते म्हणाले. मग तिला धीर द्यायला म्हणाले, "मेहनती माणूस आहे. सांगतलेलं काम सोडत नाई."

चंद्रपूरच्या स्टँडवरून ती ऑटोनं निघाली आणि सिग्नलला उतरून पळतच सुटली. लॅबचं दार उघडं होतं. टेबलावर प्लास्टिक अंथरलेलं, बाजूला खुरपं, सगळ्या पुड्यांचे दोरे सोडून ठेवलेले. अजीम खुर्चीत पुठ्ठ्यानं वारा घेत होता. काम उरकलेल्या माणसासारखा दिसत होता.

"अजीमभाऊ," हर्षानं चौकट धरली. "मिसळलं?"

अजीम उठला. त्यानं मान खाली घातली.

"माफ करा, मॅडम. भाईले नका सांगू. एकही पुडी झाली नाई."

हर्षा खाली बसली, तिथंच, उंबऱ्यावर. मग उठून तिनं पुड्या पाहिल्या. सगळ्या ओळीनं होत्या, चकती न् चकती जागेवर.

"सकाळपासून लाईटच नाई," अजीम सांगत होता. "ग्राइंडर बंद, मोबाईलही बंद पडला."

"बरं झालं," हर्षा म्हणाली. "खूप बरं झालं. चला, आता भट्टी लावा."

भट्टीही विजेचीच होती.