भाग पडताना

थोरलीने संगणकाच्या बटणावर बोट टेकवले आणि दाराकडे पाहिले. कोणी नव्हते.

पडद्यावरची निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. घरातल्या जुन्या संगणकावर धाकटी जाऊ लिनक्स ही नवी कार्यप्रणाली बसवत होती. सकाळीच तिने सगळ्यांना समजावले होते, की डिस्क एकच, पण तिचे दोन भाग करायचे. एकात लिनक्स, दुसऱ्यात आपापले काम. पुढे लिनक्स बिघडून नव्याने बसवावे लागले, तरी कामाला धक्का नाही.

"फक्त भाग पडत असताना कोणी बंद करू नका. डिस्कवरचं सगळं जाईल."

सासूबाईंना त्यातले ओ की ठो कळले नाही. तरी म्हणाल्या, "पोरीचं डोकं चालतं हो!"

इतकी वर्षे थोरली याच संगणकावर कपड्यांचे नमुने आखत आली होती. तो अडला की सगळे तिलाच हाक मारत. आता जो तो धाकटीला बोलावी. परवा तर नवऱ्याने, थोरली शेजारी बसलेली असताना, धाकटीला विचारले, "सस्पेंड आणि पॉवर ऑफमध्ये फरक काय गं?"

"सस्पेंड म्हणजे डुलकी, दादा. हाक मारली की जागा. पॉवर ऑफ म्हणजे दिवा मालवून झोप."

नवरा केवढा हसला होता!

एकदा घोळ होऊ दे, मग कळेल कोणाचे डोके किती चालते ते. तिचे नमुनेही गेले असते. जाऊ देत.

"ताई."

धाकटी दारात उभी होती, हातात ओल्या कपड्यांची बादली. तिची नजर बटणावरच्या बोटावर गेली आणि तिथेच थांबली.

"नुसतं टेकवून बंद होत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "दाबून धरावं लागतं."

थोरलीचे बोट अजून बटणावरच होते.

"तुमचे नमुने मी आधीच पेनड्राइव्हवर काढून ठेवलेत. तो तेवढ्यातच भरला. आता जातील ती माझी भाषांतरं."

बादली सावरत ती गच्चीकडे निघून गेली. वळूनही पाहिले नाही.

थोरलीने बोट काढून मुठीत धरले. निळी पट्टी अजून सरकतच होती. मग दीर इस्त्री घेऊन आला आणि संगणकाच्या प्लगकडे वाकला.

"वहिनी, हे दोन मिनिटं काढतो हं."

"हात लावू नकोस!"

दीर दचकून मागे सरला. थोरलीने खुर्ची ओढली आणि प्लगच्या आड जाऊन बसली.

"तिचं काम आहे त्यात."