साखरबाईचं दुखणं

विजयमालेनं सासूला कधी पाहिलं नव्हतं. ती लग्न होऊन अंथुर्ण्यात आली त्याच्या किती तरी आधी साखरबाई काविळीनं गेली होती. घरात तिचा साधा फोटोही नव्हता. त्यामुळे सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात जेवताना विजयमालेच्या उजव्या बरगडीखाली पहिली कळ आली आणि ती डावा हात मागं खांबाला लावून वाकली, तेव्हा समोर बसलेल्या सासऱ्यांचा घास हातातच का राहिला, हे तिला कळलं नाही.

"साखर?" हिंदुराव पुटपुटले.

"आबा, मी हाय."

 त्यांची नजर तिच्यावरून हलली नाही.

कळ येत राहिली. डोळे पिवळे पडले, अंगाला खाज सुटली. नखांनी भागेना म्हणून तिनं चुलीपुढचं दाणे काढलेलं मक्याचं कणीस उचललं आणि पाठ घासायला लागली.

"ह्ये तुला कुनी सांगितलं?" हिंदुराव दारात उभे होते.

"काय, आबा?"

"ती असंच कनीस घ्यायची. शेवटच्या दिसांत."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा नवरा दादासो उसाला पाणी द्यायला गेला होता. हिंदुरावांनी तिच्यापुढं मिश्रीची डबी ठेवली. विजयमालेनं जन्मात मिश्री लावली नव्हती. ती नको म्हणणार होती, पण तिचं बोट आपोआप डबीत गेलं आणि दातांवरून असं सराईत फिरलं, की ते बोट आपलं आहे का, हेच तिला कळेना. तोंड कडू झालं तशी ती घाबरून मोरीकडं पळाली.

मागून हिंदुराव शांतपणे म्हणाले, "लई वर्सांनी आलीस. आता ऱ्हा."

संध्याकाळी तिला हुडहुडी भरून ताप आला. दादासोनं शेजारच्या सावळारामची जीप बोलावली. हिंदुराव जीपच्या आडवे उभे राहिले.

"आबा, बाजूला व्हा. आईला नुसता दोरा बांधून घरात ठिवली हुती, इसरला काय?"

"म्हनून तर सांगतोय. ह्ये तिचंच दुखनं हाय. त्ये काढलं की ती पुन्हा जाईल."

तापातही विजयमालेला ते स्वच्छ ऐकू आलं. तिला भीती आबांची वाटली नाही. तिच्या आत कुणीतरी आबांच्या बाजूनं होकार देत होतं, त्याची वाटली.

बारामतीच्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली. पित्ताशयातले खडे घसरून पित्ताच्या नळीत अडकले होते, मागं पू साठला होता. रात्रभर सलाईन आणि इंजेक्शनं चालू राहिली.

"पूर्वी याला पोट उघडावं लागायचं," डॉक्टरांनी दादासोला सांगितलं. "आता तोंडातून दुर्बीण घालून काढता येतं. पुण्याचे सर सकाळी येतायत."

सकाळी तिच्या घशात कडू फवारा मारला, कुशीवर निजवलं, गुंगीचं इंजेक्शन दिलं. खोलीत अंधार केला. पडद्यावर पानं झडलेल्या झाडासारखं काहीतरी उमटलं. त्याच्या खोडात गोल गोल पोकळ्या दिसत होत्या.

"तेच खडे," कुणीतरी म्हणालं.

मग आवाज लांब गेले. त्या झाडाच्या पायथ्याशी एक बाई पाठमोरी बसलेली होती.

"मला कुनी हितं आनलंच न्हाय," बाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. जत्रेत मागं राहिलेल्या माणसासारखी ती बोलत होती. विजयमालेला उत्तर द्यायचं होतं, पण तोंडात नळी होती. तेवढ्यात पोटात खोल कुठंतरी काहीतरी सुटलं आणि बाई उठून उभी राहिली.

जाग आली तेव्हा डॉक्टर दादासोला समजावत होते. पित्ताच्या नळीचं तोंड जरासं कापून, बारीक जाळीत धरून खडे आतड्यात ओढले होते. ते आपोआप पडून जाणार होते. पू वाहून गेला होता. पित्ताशय नंतर काढायचं होतं.

डॉक्टर गेल्यावर दादासो तिच्याकडं निरखून बघायला लागला.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"दुर्बीन काढल्यावर गुंगीत तू हाका मारत हुतीस. नर्सबाई इचारत हुत्या, भावड्या कोन म्हनून."

"मला न्हाय ठावं. कोन हाय?"

"मी. आई म्हनायची. ती गेल्यापास्नं कुनी त्या नावानं हाक मारली न्हाय. आबांनीबी न्हाय."



ती घरी आली तेव्हा डोळे बरेच निवळले होते. हिंदुराव अंगणात उभे होते. त्यांनी उन्हात तिच्या डोळ्यांत नीट पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

"उतरली म्हनायची."

"व्हय, आबा."

"बरं झालं, सूनबाई." एवढं बोलून ते उसाच्या फडाकडं चालू लागले.

विजयमाला पायरीवरच थांबली. थोड्या वेळानं फडातून आबांच्या बोलण्याचा आवाज यायला लागला. ते एखादं वाक्य बोलायचे आणि थांबायचे, उत्तर ऐकायला थांबावं तसे. मग पुन्हा बोलायचे. दादासो आतून तिला हाक मारत होता. पण आबा थांबले की तिचाही श्वास थांबत होता, आणि तीही कान देऊन ऐकत होती.