बेदाण्यांचा वास

गुडरुनने मोडलेल्या स्टोलनमधून पत्र्याची खूण नखाने उपसली आणि नाताळबाजारातल्या टपरीवरून घेतलेल्या अख्ख्या स्टोलनमध्ये खुपसली. खुणेवर घराण्याचं नाव होतं, हेन्श. ड्रेस्डेनमधली अशी जुनी घरं नाताळचा हा गोड पाव आपलं सामान देऊन बेकरीत भाजून घेतात, आणि अदलाबदल नको म्हणून प्रत्येक घर आपली खूण टोचतं. तिने वरून पिठीसाखर भुरभुरली, पुडकं बांधलं. मोडका स्टोलन पिशवीच्या तळाशी कोंबला. फेकायची हिंमत झाली नाही.

दोष गर्दीचा नव्हता. एल्केने, भावजयीने, बजावलं होतं, बेकरीतून थेट घरी ये. पण भावाच्या खोलीतल्या औषधांच्या वासाने गुडरुनचा जीव गुदमरला होता. त्याच्यासाठी हॅम्बुर्गहून धावत आली, आणि आता त्याच्यापासूनच पळायला बघत होती. गरम वाइनचा एक मग तिने संपवला, दुसरा मागितला, शेजारच्या अनोळखी माणसाच्या फालतू विनोदावर खिदळली. खिदळतानाच काखेतलं पुडकं दगडांवर आपटलं.

वाटेत स्टोलन मोडला तर वर्षाच्या आत घरातलं माणूस जातं. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेली गुडरुन या समजुतीला कायम हसत आली होती. आज हसली नाही.

दारातच एल्केने पुडकं घेतलं.

"मोडला नाही ना गं?"

"छे."

एल्केने कागदाचं टोक उचलून खूण पाहिली, खालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवला आणि तिथेच जिन्याच्या पायरीवर बसली.

"आज झोप लागेल मला. जा, त्याला दाखव. मी कॉफी टाकते."

वरच्या खोलीत तिचा भाऊ फोल्कमार उशांना टेकून बसला होता. गालफडं पार आत गेलेली.

"मास्तरीणबाई, ढोसून आलात वाटतं?"

"थोडीशीच."

त्याने पुडक्याला नाक लावलं.

"आणि याला बेदाण्यांचा वास येतोय. आपल्याकडे बेदाणे कधीपासून घालायला लागले? मी वेचून तुझ्या ताटात टाकायचो म्हणून तर ते बंद झाले."

गुडरुनने पिशवी पायाने मागे सरकवली.

"आपला कुठाय?"

तिने पिशवीतून दोन तुकडे काढले. 

"फोल्कमार, मी तिथे उगाच थांबले. मला..."

"हळू बोल. ती ऐकेल."

नाताळआधी या घरात स्टोलनला कुणी हात लावत नसे. लहानपणी त्यावरून दोघांनीही मार खाल्लेला. फोल्कमारने मोडल्या बाजूचा घसघशीत लचका तोडला आणि तोंडात घातला.

"तोपर्यंत कोण थांबतंय? घे, तूही घे."

तिने घेतला. घास फिरत राहिला. तो बघत होता म्हणून तिने गिळला.

"झक्कास झालाय," तो म्हणाला.

जिन्यावर पावलं वाजली. गुडरुनने तुकडे रजईखाली सरकवले. एल्के ट्रे घेऊन आत आली. पुडकं टेबलावर होतं, दोरीची गाठ तशीच. फोल्कमारची हनुवटी साखरेने पांढरी झाली होती. एल्केने गाठीकडे पाहिलं, मग हनुवटीकडे.

गुडरुनने खरं सांगायला तोंड उघडलं.

एल्केने ट्रे ठेवला, ॲप्रनच्या टोकाने नवऱ्याची हनुवटी हलकेच पुसली.

"कॉफी घ्या," ती म्हणाली, "गार होतेय."