मेढेकोटातली शेवटची मेढ

मित्रांनो, 'मेढेकोट' या शब्दातली मेढ म्हणजे मी. टोकाला फाटा असलेल्या लाकडी खांबाला मेढ म्हणतात. त्या फाट्यात आडवं लाकूड ठेवून छप्पर उभारायचं, एवढंच मुळात आमचं काम. कोट म्हणजे तट. शत्रूची धास्ती वाढली आणि दगडी तट बांधायला सवड नव्हती, तेव्हा माणसांनी मेढी शेजारी शेजारी पुरल्या. तोच मेढेकोट.

मला गावच्या सुताराने घडवलं. त्याने माझा फाटा तोडला आणि टोक भाल्यासारखं तासलं. त्याची लेक ढलप्या गोळा करत होती.

"बाबा, आता हिच्यावर छप्पर कसं बसणार?"

"आता हिने छप्पर नाही, आपल्याला सांभाळायचं," तो म्हणाला.

एका दुपारी इशाऱ्याचं शिंग वाजलं. सगळे धावत आत आले. पहारेकऱ्याने दार लावून अडसर घातला. सुताराची लेक ओढ्यावर धुणं धूत होती. ती पोचली तेव्हा दार बंद झालं होतं. माझ्या शेजारच्या फटीतून बापाचा आवाज आला, म्हणून ती माझ्यापाशी धावली.

"बाबा, मला आत घ्या ना!"

सुतार पहारेकऱ्याच्या पाया पडला. "माझी पोर बाहेर आहे रे!"

"घोडेस्वार दिसायला लागलेत, दादा. दार उघडलं तर कुणीच वाचणार नाही." पहारेकऱ्याने अडसर दोन्ही हातांनी धरून ठेवला.

सुताराने कुऱ्हाड उचलून माझ्यावर घाव घातले. मी मोडावं म्हणून माझा जीव तुटत होता. पण त्याने मला फार मजबूत घडवलं होतं. बाहेरून तिचे ओले हात माझ्यावर आपटत राहिले. मग थांबले.

गाव वाचलं. लोकांनी मेढेकोटाचं तोंडभरून कौतुक केलं. सुताराने मात्र पुन्हा हत्यार धरलं नाही. रोज येऊन तो फटीला तोंड लावी आणि लेकीला हाक मारी. पलीकडून ओल्या हातांची थाप येई. लोक म्हणत, बिचाऱ्याला भास होतात. मित्रांनो, ती थाप मीही ऐकली आहे.

पुढे शांतता आली. कोट मोडला, मेढी चुलीत गेल्या. मला न्यायला आलेल्यांना सुतार म्हणाला, "हिला हात लावू नका. पलीकडे माझी पोर उभी आहे."

तोही गेला. आता मी माळावर एकटीच आहे. वाळवीने मला निम्मं पोखरलं आहे. माझ्या दोन्ही अंगांना सगळं मोकळं आहे, तरी ती पोर मला वळसा घालून आत येत नाही. थाप मारतच राहते.

मित्रांनो, मला उपटू नका, जाळू नका. फक्त कुणीतरी माझ्या पलीकडे जा आणि तिला सांगा, "बाळ, कोट कधीच मोडला. ये आत."