महिना संपायच्या आत

ऑफिसात तिला सगळे शेवटबाई म्हणत. महिन्याच्या पुरवणीचं शेवटचं पान तिचं आणि त्या पानावर महिनाभरात गेलेली नामवंत माणसं, म्हणून शेवटबाई. बारा चौकटी, बारा फोटो, प्रत्येकाखाली सहा ओळी. मंत्री असो की तळ्यातल्या शेवाळावर आयुष्य घालवलेला मास्तर, ओळी सहाच. "मेल्यावर तरी समानता येऊ द्या," असं ती म्हणायची आणि सातवी ओळ मागायला आलेल्या पुढाऱ्यांच्या भाच्या-पुतण्यांना चहा पाजून वाटेला लावायची.

पानावर तारखा नसत. वर मोठ्या अक्षरात महिन्याचं नाव, खाली माणसं. कोण कुठल्या वारी गेलं याच्याशी वाचकाला काही देणंघेणं नाही, असं संपादकांचं मत होतं. पुरवणी सव्वीस तारखेला छापून व्हायची, गठ्ठे बांधून गोदामात पडायचे आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी पेपरात घालून घरोघर जायची. सव्वीसनंतर कोणी गेलं तर त्याने पुढच्या महिन्यापर्यंत कळ काढावी. मेलेल्या माणसाला घाई नसते.

या सगळ्यात एक नियम तिने स्वतः घातला होता आणि अठरा वर्षं पाळला होता. घरच्या माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय कोणालाही चौकटीत बसवायचं नाही. बातमीदार काही का सांगेना, ती स्वतः त्या घरी फोन करायची. वाईट काम. पलीकडे कोणीतरी रडत असतं आणि आपण विचारायचं, शिक्षण कुठे झालं, मुलं किती. पण करायची. त्या महिन्यात मात्र तिचा नियम मोडला.

रेडिओवर तीस वर्षं बातम्या वाचलेले निवेदक पंधरा दिवस हॉस्पिटलात होते. एके काळी त्यांच्या आवाजावर लोक घड्याळं लावत. शेवटबाईचा बाप म्हणायचा, "या माणसाने सांगितलं म्हणजे झालंच असणार." सव्वीसला सकाळी अकराला हॉस्पिटलातून बातमीदाराचा फोन आला. त्याला ऑफिसात घाईराव म्हणत, यावरून काय ते समजा.

"गेले," घाईराव म्हणाला. "श्वासाचं मशीन काढलं. बायकोने सही केली, मी माझ्या डोळ्यांनी बघितली."

त्याने सही बघितली होती. बाकीचं तो धरून चालला होता.

तिने निवेदकांच्या घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली. घरचे सगळे हॉस्पिटलात, उचलणार कोण? तिने पुन्हा लावला. दारात छपाईचा फोरमन शाईचे हात पुसत उभा होता. "बाई, मशीन अडलंय तुमच्यापायी. पान देताय की आम्ही झोपा काढू?" तिसऱ्यांदा फोन लावायला तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. खरं सांगायचं तर त्या बाईंचं रडणं ऐकावं लागणार नाही, याचं तिला बरंच वाटलं. मग तिने गवतांवर काम केलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना बाराव्या चौकटीतून उचलून पुढच्या महिन्यात ढकललं, निवेदकांना तिथे बसवलं आणि पान सोडलं.

चार वाजता घाईराव नखं खात तिच्या टेबलाशी आला. "बाई, एक गंमत झाली."

त्याच्या तोंडावर गंमत दिसत नव्हती.

"मशीन काढल्यावर ते आपले आपण श्वास घ्यायला लागले. डॉक्टरही चाट पडलेत. तुम्ही घरी फोन केला असेलच ना?"

"केला होता," ती म्हणाली. हे खोटं नव्हतं, एवढंच.

तेव्हापासून भीतीने तिची पाठ सोडली नाही. वर्षभरापूर्वी एका उपसंपादकाने एकाच्या नावाखाली दुसऱ्याचा फोटो छापला होता, तर संध्याकाळच्या आत त्याचं टेबल रिकामं झालं. तिने तर जिवंत माणूस मारला होता, तोही असा की ज्याचा शब्द सगळ्या देशाने तीस वर्षं खरा मानला. संपादक बाहेरगावी होते. गठ्ठे गोदामात होते. अजून चार दिवस होते. सरळ फोन करावा, चूक झाली म्हणावं, पुरवणी पुन्हा छापावी, एवढं साधं होतं. उद्या सांगू, असं तिने ठरवलं.

आणि जिना उतरताना एक विचार आला. पंच्याऐंशीचा माणूस. डॉक्टरांनी आशा सोडलेली. पानावर तारीख कुठे आहे? महिना संपायच्या आत गेले, की सगळं बरोबरच. ती जिन्यातच कठड्याला धरून थांबली. पाहुणा असता तर चहा देऊन कटवला असता, पण हा विचार मुक्कामाला आला होता.

तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा आणि जेवताना तेच ते विनोद करायचा. "जेवत का नाहीस? या महिन्याच्या यादीत मला घातलंस की काय?" एरवी ती म्हणायची, तुम्हाला कोण विचारतंय, तिथे नामवंत लागतात. आज तिच्या हातातला चमचा ताटात पडला.

"अगं, काय झालं?"

"काही नाही. डोकं दुखतंय."

त्याने तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि गोळी आणून दिली. तिने ती निमूट घेतली.

सत्तावीसला ती हॉस्पिटलात गेली. नुसतं बघून यावं, माणुसकी म्हणून, असं तिने स्वतःला सांगितलं. ते साफ खोटं होतं. त्यांचं किती उरलंय ते बघायला ती गेली होती. बाहेरच्या बाकावर निवेदकांची बायको बसली होती. चणीने लहान, जाड भिंगांचा चष्मा, मांडीवर पिशवी गच्च धरलेली.

"तुम्ही कोण?"

"मी... त्यांच्या बातम्या ऐकत मोठी झाले, काकू."

म्हातारीचा चेहरा एकदम उजळला. तिने पिशवी उचलून जागा करून दिली. "बसा, बसा. वीस वर्षं झाली हो रेडिओ सोडून. कोणी फिरकत नाही. नातेवाईक येतात, तेही घड्याळाकडे बघत. तुम्ही मात्र परक्या असून आलात!"

"डॉक्टर काय म्हणतात?"

"कालच्यापेक्षा बरं आहे म्हणतात."

शेवटबाईने मनात उरलेले दिवस मोजले. आनंदाची बातमी ऐकून आपण दिवस मोजतोय, हे तिच्याच ध्यानात आलं, आणि तिला त्या म्हातारीच्या शेजारी बसवेना. तरी ती तासभर बसली. निघताना म्हातारीने तिचा हात हातात घेतला. "उद्या याल?"

अठ्ठावीसला निवेदक दोन चमचे पाणी प्याले. ऑफिसात घाईराव तिच्या नजरेला नजर देत नव्हता. दोघांचेही हात एकाच दगडाखाली. तिने त्याला पाणी प्यायच्या कुलरपाशी गाठलं.

"हॉस्पिटलची काही खबर?"

"अजून नाही," तो म्हणाला.

त्या 'अजून'ने तिला धीर आला. नंतर स्वच्छतागृहात जाऊन तिने तोंडावर पाणी मारलं आणि आरशात बघायचं टाळलं. सांगायला अजून उशीर झाला नव्हता. पण जितके दिवस आपण गप्प, तितकी चूक मोठी. आता फक्त फोन न केल्याचं नाही, दोन दिवस लपवल्याचंही सांगावं लागणार होतं. आज नको, उद्या. उद्यापर्यंत कदाचित गरजच पडणार नाही. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो असा.

एकोणतीसला दुपारी ती गेली तेव्हा त्यांना साध्या खोलीत हलवलं होतं. खिडकीतून ऊन थेट पलंगावर पडलं होतं. नाकात नळी, गालफडं बसलेली, पण डोळे उघडे. म्हातारी तर फुलून गेली होती.

"आल्या बघा. या रोज येतात. अहो, ओळखलंत का? तुमच्या बातम्या ऐकायच्या या." मग शेवटबाईकडे वळून, "तुम्ही बसता का थोडा वेळ? खालून औषधं घेऊन येते. परवापासून यांना एकटं सोडलं नाही मी. तुमच्यावर सोडून जायला काही वाटत नाही. काही लागलं तर ही बेल दाबा, सिस्टर येतात."

बेलचं बटण एका लांब वायरच्या टोकाला होतं. म्हातारीने ते तिच्या हातात दिलं आणि चपला ओढत गेली.

निवेदक तिच्याकडे बघत होते. ओठ हलले. आवाज खरवडून निघाल्यासारखा होता, तरी शब्द स्वच्छ होते.

"आज तारीख किती?"

"एकोणतीस."

"म्हणजे उद्या महिना संपला," ते म्हणाले. सवयीने म्हणाले असतील. पण यांना ठाऊक आहे, असंच क्षणभर तिला वाटलं.

मग त्यांना ठसका लागला. साधा ठसका. मग दुसरा. घशात काहीतरी घरघरलं आणि अडकलं. डोळे मोठे झाले, हात चादरीवरून उठला, हवेत काही शोधल्यासारखा फिरला आणि तिच्या दिशेने लांब झाला. छाती वर ओढली गेली, पण आत काही जाईना.

बटण तिच्या मुठीत होतं. अंगठा त्याच्यावरच होता.

दाब, असं तिने स्वतःला सांगितलं. अंगठा दबला नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा सहावर होता. तिला गठ्ठे दिसले, त्यांच्यावरची सुतळी दिसली, उद्या सकाळी घरोघर उघडणारं ते पान दिसलं. आणखी थोडा वेळ, आणि त्या पानावर सगळं खरं असेल. कोणाला कळणार नाही. काटा बारावर आला. त्यांचे ओठ निळसर झाले होते आणि ते अजून तिच्याकडेच बघत होते, तिच्यावर पूर्ण भरवसा टाकून, बायकोने टाकला तसाच. काटा पुन्हा सहावर आला. पुन्हा बारावर आला. आपण बघतोय, हे तिने बघितलं, आणि तिला स्वतःची अशी भीती वाटली की तोंडातून किंकाळी फुटली. तिने बटण दाबलं, दाबतच राहिली, आणि "सिस्टर! सिस्टर!" म्हणून ओरडत सुटली.

सिस्टर धावत आली, मागोमाग डॉक्टर. निवेदकांना कुशीवर वळवलं, घशात नळी घातली, मशीन गुरगुरलं. सिस्टरने मान वर न करता विचारलं, "कधीपासून असं होतंय?"

शेवटबाईची नजर घड्याळाकडे गेली.

"अहो बाई, तुम्ही इथेच होतात ना? श्वास किती वेळ बंद होता? नीट सांगा, पुढची औषधं त्याच्यावर ठरतात."

दारात म्हातारी उभी होती. औषधांची पिशवी तिच्या हातात लोंबत होती. आत्ताच, एवढा एक शब्द म्हटला असता तर सगळं निभावलं असतं. म्हातारीने उलट तिचे पाय धरले असते. तो शब्द जिभेवर आलाही. पण चुकीचं सांगितलं, तर डॉक्टर चुकीचं औषध देणार होते, आणि निवेदक पुन्हा एकदा तिच्याच हातून मरणार होते.

"दीड मिनिट," शेवटबाई म्हणाली. "निदान दीड मिनिट."

"आणि बेल आत्ता दाबलीत?"

"हो."

सिस्टरने एकदाच मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा कामाला लागली. नळीतून काहीतरी ओढलं गेलं. निवेदकांच्या छातीने मोठा आवाज करून हवा आत घेतली, मग पुन्हा घेतली. डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं, तोंडावर ऑक्सिजन बसवला, बराच वेळ नाडी धरून ठेवली. "निभावलं," ते म्हणाले. ओठांवरचा निळेपणा हळूहळू गेला. डोळे मिटले होते, पण चादर वरखाली होत होती.

डॉक्टर गेल्यावर म्हातारी आत आली. तिने औषधं टेबलावर नीट लावून ठेवली. मग विचारलं.

"दीड मिनिट काय करत होतात तुम्ही?"

"बघत होते."

"का?"

शेवटबाईने पलंगाकडे बघितलं. "हे या महिन्यात गेले, असं मी पेपरात छापलंय, काकू. उद्या घरोघर जाणार आहे."

म्हातारी ओरडली नाही.  ती पलंगाला वळसा घालून आली, शेवटबाईच्या मुठीतून बटण काढून घेतलं. मूठ इतकी आवळली होती की एकेक बोट सोडवावं लागलं. ती वायर तिने आपल्या बाजूला ओढली आणि नवरा आणि ती परकी बाई यांच्या मध्ये उभी राहिली.

"जा तुम्ही," ती म्हणाली. "आणि सांगा पेपरवाल्यांना, हे आहेत."

शेवटबाई उठली. फोन जिन्याखालीच होता.