लेकीची ओटी

चंद्रभागाबाईने सुपात नवे तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि खण काढून ठेवला होता. डॉक्टर चंदा दिघोरीला आली, की तिची ओटी भरल्याशिवाय बाई तिला जाऊ देत नसे. नागपूरची ही पोरगी सिकलसेलवरच्या नव्या गोळीचा अभ्यास घेऊन पहिल्यांदा आली, तेव्हा गावातली एकही बाई रक्त द्यायला घराबाहेर निघेना. चंद्रभागाबाईने भर चौकात चंदाची ओटी भरली आणि सुनावलं, "हे माही लेक आहे. लेक रगत मांगून राहिली अन् तुमी दारं लावता?" मग हात पुढे आले. आणि एकदा लेक म्हटल्यावर गोळी कुठवर पुरवशील, हे कोणती माय विचारते?

गोळी लागू पडली. नात मोनिका दुखण्याने रात्रंदिवस कण्हत असायची, ती यंदा भाताच्या रोवण्याला बांधीत उतरली.

आज समाजमंदिरापुढच्या मांडवात अभ्यासाचा समारोप होता. पुण्याचे, दिल्लीचे, विलायतेचे साहेब आले होते. किती संस्थांनी हातात हात घातले, हे जो तो सांगत होता. रगतही जणू त्यांनीच दिलं होतं.

चंदा जवळ आली. "आजी, फायदा काय झाला, माइकवर दोन शब्द बोला. पुढच्या कामाला निधी मिळेल."

"बोलीन. मोनिकाच्या गोळ्या सरत आल्या. नव्या कवा आणतेस?"

चंदाची मान खाली गेली. "अभ्यास संपला, आजी. आता मंजुरी, मग कंपनी. चार-पाच वर्षं तरी लागतील. तोवर सरकारी दवाखान्यातली जुनी गोळी..."

"जुनी तिले पचत नाही. तूच तं लिहून नेलं."

"मी गोळ्या मागून पाहिल्या. अभ्यासानंतरच्या गोळ्यांना पैसा धरलाच नव्हता."

"अन् या मांडवाले धरला होता?"

मुलगा कैलाश कानाशी लागला, "माय, गोड बोल. देतीनही."

नातीसाठी बाईने जीभ आवरली. जमेल तेवढी. माइक धरून म्हणाली, "गोळी चांगली आहे. आमच्या पोरीईच्या अंगावर पाहून घेतली. आता ज्याईले भेटन, त्याईनं सुखानं खावी."

विलायती साहेबाला शेजारच्याने फक्त पहिलं वाक्य इंग्रजीत सांगितलं असावं. तो हसून टाळ्या वाजवू लागला. चंदाचे हात तेवढे हलले नाहीत.

निघताना ती बाईच्या दारात आली आणि सवयीने ओढणीचा पदर पसरून उभी राहिली. बाईने सूप उचललं, कोठीपाशी नेलं आणि तांदूळ परत आत ओतले.

"लेक परत यावी म्हून तिची ओटी भरतेत," ती म्हणाली. "रीता, पाहुनीले चहा ठेव."

सून चुलीकडे वळली. आत मोनिका अडकित्त्याने गोळीचे दोन तुकडे करत होती.